एकतीस विरुद्ध एक

आमच्या सोसायटीत बत्तीस फ्लॅट आहेत आणि डोकं एकच आहे. ते चौथ्या मजल्यावर राहतं. मी त्याला रोज अंघोळ घालून कामावर नेतो.

हे वाचून आमच्यातले काही रागावतील. रागवा. एक जण रागावला की बाकीचे त्याच्याकडे बघून रागावणारच, फार कष्ट पडायचे नाहीत.

गोखिवऱ्याला राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत सभेत त्रेचाळीस ठराव आले आणि त्रेचाळीसही ठरावांना मी विरोध केला. लॉबीत काळी गुळगुळीत फरशी बसवायची ठरली, तेव्हा मी एकटा म्हणालो, माणसं घसरतील. तीन घसरली. त्यातला एक मी होतो, पण मुद्दा तो नाही. मग त्या फरशीवर रबराचं पायपुसणं अंथरायचा ठराव आला. सगळ्यांनी हात वर केले. मी त्यालाही विरोध केला. आमचे सेक्रेटरी सदानंद राऊत आता सभेच्या आदल्या दिवशीच वहीत ‘३१ विरुद्ध १’ लिहून ठेवतात आणि सभेत निवांत चहा पितात.

एक नियम मात्र माझ्यामुळे झाला. सोसायटीची जागा बाहेरच्या माणसाला वापरायला द्यायची असेल, तर एकाही सभासदाची हरकत असता कामा नये. यासाठी मी दोन वर्षं पत्रं लिहिली. शेवटी ठराव सभेत आला आणि एकतीस हात झटकन वर गेले. इतक्या सहज सगळे हो म्हणतात, म्हणजे यात काहीतरी पाणी मुरतंय, असं वाटून मी विरोध केला. माझाच नियम माझा विरोध मोडून मंजूर झाला.

हाच नियम पुढे माझ्या नरड्याशी आला.

फाटकाच्या आत बदामाच्या झाडाखाली मार्थामावशी भाजी विकायला बसते. होळी नावाच्या गावची. सकाळी टोपल्या घेऊन रिक्षातून उतरते; लाल माठ, अळू, नवलकोल, वेलची केळी. पहिल्या बिऱ्हाडाचं सामान चढत होतं त्या दिवशी ती येऊन बसली आणि बसलीच. परवानगी तिने मागितली नाही, कुणी दिली नाही, आणि कुणाचं काही अडलंही नाही.

मग शेजारच्या सोसायटीने फाटकात कारंजं बसवलं. रंगीत दिव्यांचं. आठ दिवसांत आमच्याकडे ठराव: आपणही बसवू, बदामाखालीच. आमच्याकडे पाणी टँकरने येतं. टँकर चुकला की घरातली चार माणसं एका बादलीकडे भावकीतल्या जमिनीसारखी बघतात. आणि आम्हाला कारंजं. एकतीस विरुद्ध एक, मंजूर. कंत्राटदार पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी येणार.

मार्थामावशीने अळूची जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि विचारलं, “बाबा, मी कुठे बसू आता? पुलाखाली जाऊन बघितलं. तिथल्या बायकांनी माझी टोपली उचलून रस्त्याच्या पलीकडे ठेवली. या वयात मी नवी गिऱ्हाइकं जोडत बसू काय?”

“मी विरोध केला, मावशी.”

“तो तू नेहमीच करतोस. काहीतरी दुसरं कर.”

घरी येऊन हे बायकोला, संपदाला सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर बोलल्या त्या. जरा लोकांच्या घरी जा, बसा, चहा घ्या, माणसासारखं बोला.”

“मेंढरांशी काय बोलायचं?”

“एकेकट्याला भेटा. मेंढरू एकटं असलं की बरं बोलतं.”

गेलो. आठ दिवस रोज संध्याकाळी चार घरं. सदानंदरावांपासून सुरुवात केली. ते म्हणाले, “मला विचारता? मी फक्त लिहितो.” तिसऱ्या मजल्यावरच्या जयवंतीबाई म्हणाल्या, “मला कशाला मेलं कारंजं? माझ्या नळाला थेंब नाही. पण सगळ्यांना हवंय ना, आपण कशाला वाईट व्हा.” पहिल्या मजल्यावरचा क्लिफर्ड म्हणाला, “अंकल, माझी खिडकी तिथेच आहे. तो पाण्याचा आवाज ऐकून मला दर दहा मिनिटांनी बाथरूमला जावं लागेल. पण आता पब्लिकलाच हवंय तर काय करणार?”

एकतीस घरं झाली. कारंजं एकालाही नको होतं. ते फक्त सगळ्यांना हवं होतं.

प्रत्येकाला मी एकच सांगितलं: दुसऱ्याच्या हाताकडे बघू नका, स्वतःच्या डोक्याने विचार करा. लोक माना डोलवायचे. मला इतका चहा कधीच मिळाला नव्हता.

मग मी नवा ठराव दिला आणि रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये खास सभा भरली. मार्थामावशी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, ठेवणीतली साडी नेसून आली आणि खांबापाशी उभी राहिली. संपदा तिच्या शेजारी. मी पहिल्या रांगेत.

सदानंदरावांनी वाचलं, “कारंजं रद्द. मार्थाबाईंना बदामाखाली बसू द्यावं. नियमाप्रमाणे एकाचीही हरकत चालणार नाही. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.”

इथे मी एकच चूक केली. मागे वळून बघितलं.

एकतीस हात. सरळ, एका उंचीचे, एका वेळी वर गेलेले. कुकरची शिट्टी कुकरला विचारून होत नाही. मी उभा राहिलो.

“माझा विरोध आहे.”

सदानंदरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

“पाटकर,” सदानंदराव हळूच म्हणाले, “हा ठराव तुमचाच आहे.”

“माहीत आहे.”

“मग विरोध कशासाठी?”

चौदा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

तेवढ्यात क्लिफर्डने हात खाली घेतला. “एक मिनिट हां. अंकल आठ दिवस घरोघर फिरले. आता तेच नको म्हणतायत. म्हणजे त्यांना आतलं काहीतरी कळलंय.”

“मला मघापासून तसंच वाटत होतं,” जयवंतीबाई म्हणाल्या आणि त्यांचाही हात खाली गेला.

“अहो, मला काहीही कळलेलं नाही,” मी म्हणालो. “माझी चूक झाली. हात वर करा.”

“बघा, सांगत नाहीयेत,” मागून कुणीतरी म्हणालं. मग वाळत घातलेले कपडे दोरी तुटल्यावर पडावेत तसे सगळे हात खाली आले. आयुष्यात पहिल्यांदा अख्खी सोसायटी माझ्यामागे आली, आणि मी नेमका उलट्या दिशेला तोंड करून उभा होतो.

मार्थामावशीने खांबाशी ठेवलेली पिशवी उचलली.

संपदा पुढे आली. “सदानंदभाऊ, पुन्हा मतं घ्या. अहो, तुम्ही बसा खाली. डोळे मिटा.”

“डोळे कशाला?”

“दुसऱ्याचे हात दिसले की तुम्हाला काहीतरी होतं. मिटा. आणि तुम्हाला काय हवंय तेवढंच सांगा.”

मिटले. सदानंदरावांनी ठराव पुन्हा वाचला. “मंजूर असेल त्यांनी हात वर करा.”

अंधार. डावीकडे खुर्ची करकरली. मागे बांगड्या वाजल्या. त्या हात वर जाताना वाजल्या की खाली येताना, ते काही केल्या कळेना. मी कान टवकारून बसलो. कुणीतरी खोकलं. त्यावरूनही काही कळेना.

“झालं का?” सदानंदरावांचा आवाज आला.

मी डोळे उघडले. समोर सदानंदराव पेन हातात धरून, डोळे घट्ट मिटून बसले होते. मागे वळलो. जयवंतीबाईंचे डोळे मिटलेले. क्लिफर्डचे मिटलेले. मी मिटले म्हणून एकूण एक सभासदाने मिटले होते, आणि झालं का म्हटल्यावर हात खाली घेऊन, किंवा मुळातच खाली होता तो तसाच ठेवून, आता एकेक जण डोळे चोळत होता.

“मोजले कुणी?” सदानंदरावांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“मी मोजले,” मार्थामावशी खांबापासून म्हणाली. “बत्तीस.”

संपदाने तिच्याकडे क्षणभर बघितलं. “हो, बत्तीस. मीपण मोजले.”

“मला वाटलंच होतं,” क्लिफर्ड म्हणाला. “सगळेच तयार होते तर,” जयवंतीबाई म्हणाल्या. सदानंदरावांनी आदल्या दिवशी लिहिलेलं ‘३१ विरुद्ध १’ खोडलं आणि ‘३२ विरुद्ध ०’ लिहिलं. मार्थामावशीने पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि उद्या कुणाकुणाला केळफूल हवंय ते विचारायला लागली.

जिना चढताना मी संपदाला विचारलं, “नक्की बत्तीस होते?”

“तुम्हाला काय वाटतं?” ती म्हणाली आणि पुढे गेली.

मला काय वाटतं? बत्तीस असणं शक्यच नाही. माझा हात शेवटपर्यंत मांडीवर होता. बाकीच्यांचं काय चाललंय त्याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात वेळ संपला.

पण आता सगळेच बत्तीस म्हणतायत. म्हणजे असतील.