मगदूम डॉक्टरांची शोधाशोध

मगदूम डॉक्टर हरवलेल्या वस्तूचं नाव घेत नाहीत. छत्री हरवली तर छत्री शोधणार नाहीत; पाऊस थांबला तेव्हा आपण कुणाच्या दारात होतो, ते आठवत बसतील. एकदा लग्नात माझी चप्पल गेली. मी मांडवात शिव्या देत फिरतोय, तर हे म्हणतात, "तात्या, चप्पल शोधू नका. लंगडत कोण गेलं ते विचारा. तुमचा पाय बारका, ज्यानं घातली त्याला लागणारच." चप्पल सापडली. पण तोवर पंगत उठली, त्याचं काय?

"शब्द बदलून बघू," हे त्यांचं कायमचं पालुपद. मंडईत बाई म्हणाली, कोथिंबीर संपली. डॉक्टर मूळचे सीमेकडचे, म्हणाले, "मग कोतंबरी हाय का?" बाई कोल्हापूरची. म्हणाली, "डॉक्टर, शब्द बदलून जुडी येत न्हाय."

हा माणूस माझा शेजारी. दूध संघात जनावरांचा डॉक्टर होता, आता रिटायर. बायको नाही, मुलगी परदेशात. तिनं घेऊन दिलेला कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत नव्या नवरीसारखा झाकून ठेवलेला. पोरगी तिकडनं शास्त्रज्ञांचे लेख पाठवायची, हे त्यात भरून ठेवायचे. म्हशीचा खूर, म्हशीचा कान, म्हशीचं पोट, सगळ्यावर लेख. जितक्या म्हशी त्या डब्यात होत्या तितक्या आख्ख्या पेठेत नव्हत्या. आणि एकीलाही थान नव्हतं. मी हे तोंडावर बोललेलो आहे.

आता माझं सांगतो. मी चौथी नापास. गोठ्यात दोन म्हशी, संध्याकाळी कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाईकासमोर धार काढायची, हा धंदा. त्यातली हरणी हिची. ही म्हणजे माझी बायको. हरणीला हिच्याशिवाय दुसऱ्याचा हात चालायचा नाही, कट्ट्यावरही हीच बसायची. ही गेली आणि हरणीनं पान्हा चोरला. कास भरलेली, पण धार सोडायची नाही. लाथेनं दोन बादल्या चेपल्या. मला सगळ्यांचाच राग येत होता. म्हशीचा, भेटायला येणाऱ्यांचा, आणि खरं बोलायचं तर हिचाही. गेली ती गेली, जाताना म्हशीला सांगून तरी जायचं!

पोरगा म्हणाला, "तात्या, पान्ह्याची सुई मारू. न्हायतर विकून टाका. अशानं आटंल ती, मग कुत्रं विचारणार न्हाय." सुई ही कधी मारू देत नव्हती. म्हणायची, सुईनं काढलेलं दूध म्हणजे वासराच्या तोंडातनं ओढलेलं. पोरानं व्यापाऱ्याला रविवारचं बोलावून ठेवलं. हिच्या हातचं घरात तेवढंच एक जिवंत उरलं होतं, ते हा विकायला निघालेला. मी तडक डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरचं झालरीचं कापड काढलं, बटण दाबलं. थोड्या वेळानं पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळं कुत्रं येऊन बसलं आणि शेपूट हलवायला लागलं.

"हे काय?"

"शोधणारं कुत्रं हाय. आपण सांगायचं, ते हुडकून आणतं."

"माझी म्हैस अडल्या, आणि तुम्ही कुत्र्याला विचारताय?"

"बसा हो तात्या."

त्यांनी म्हैस म्हणून इंग्रजीत टाकलं. कुत्र्यानं सगळंच उकरलं, खाली खाली जातंय तरी संपेना. डॉक्टर शांत. "ह्यात सगळ्याच म्हशी. नुसतं म्हैस म्हणून भागत न्हाय. जनावरांच्या बाजारात जाऊन म्हैस पाहिजे म्हटलं तर कोण दाखवंल? दुसऱ्या वेताची, अडलेला पान्हा, असं जोडून सांगाय लागतं." मग दोन शब्द जोडून टाकले. आता कुत्रं रिकामं आलं.

"मेलं का कुत्रं?"

"शब्द बदलून बघू. आपण पान्हा म्हणतो, तिकडं एकजण एक म्हणतो, दुसरा दुसरंच. लिहिणाऱ्यानं कुठला शब्द वापरला असंल, तो टाकायचा. आपल्या मनातला न्हाय."

एक लेख आला. तो त्यांनी पुढनं वाचलाच नाही, एकदम शेवट उघडला. तिथं म्हणे, ह्या लेखकानं ज्यांचं ज्यांचं वाचलं त्यांची नावं असतात. "शेपूट धरायची आणि मागं मागं जायचं, तात्या. एक लेख दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतो." मी म्हटलं, म्हशीची शेपूट धरून चालणाऱ्याच्या अंगावर काय पडतं ते मला ठाऊक हाय. तेवढ्यात लाईट गेली. कुत्रं गेलं, म्हैस गेली, आम्ही दोघं अंधारलेल्या काचेत एकमेकांची तोंडं बघत बसलो.

रोज जायचो. रोज शब्द बदलायचे. एकदा गाईचं टाकलं, एकदा शेळीचं. एकदा तर गाणी ऐकवून दूध वाढतं का, असला लेख मोठ्यानं वाचून दाखवला. मी म्हटलं, "माझा आवाज ऐकून ती आहे तेवढंबी आटवंल."

शनिवारी माझं डोकं फिरलं. "डॉक्टर, उद्या व्यापारी येतोय. एवढी हजारभर कागदं गिळून बसलाय तुमचा डबा, त्यातनं एक कामाचं निघंना? जाळून टाका सगळं! शेणी थापल्या असत्या तर चूल तरी पेटली असती!"

डॉक्टरांनी टेबलाच्या खणातनं छापलेला कागद काढला आणि मराठी करून वाचला. म्हशीला धार काढणाराची ओळख असते. हात, आवाज, अंगावरच्या कापडाचा वास. ते माणूस नसेल, तर त्याचं वापरलेलं कापड नवीन माणसानं अंगावर घेऊन बसावं.

मी तिथंच पेटलो. "म्हणजे हिचं लुगडं नेसू? हे गल्लीतली कुठलीबी बाई सांगंल! ह्यासाठी एवढे दिवस कुत्रं पळवलं व्हय?"

"हे पहिल्याच दिवशी घावलं होतं, तात्या. लाईट आल्यावर."

"मग बोलला का न्हाईसा?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आमची अव्वा, म्हणजे आई, गेली तवा मी कॉलेजातनं घरी गेलतो. आप्पानं तिचं लुगडं नेसून धार काढली. मी दारात हुतो. आप्पा म्हशीच्या पोटाला डोकं लावून रडत हुते, आणि गल्लीतली माणसं बघून हसत हुती. पुढच्या आठवड्यात त्यांनी म्हैस विकली." मग कॉम्प्युटरकडं बघून म्हणाले, "म्हणून म्हटलं, दुसरं काय घावतंय का बघू. तुम्हाला वहिनींची पेटी उघडायला लागू ने."

मला ठाऊक नव्हतं असं नाही. गवळ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? ठाऊक होतं म्हणून तर त्यांच्याकडं गेलतो. दुसरं काहीतरी निघावं म्हणून.

रविवारी उजाडताच पेटी उघडली. हिचं गोठ्यातलं हिरवं लुगडं वरच होतं. धोतरावरनंच गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला, चरवी उचलली. दार उघडलं तर डॉक्टर गोठ्यासमोर उभे. माझ्याकडं बघितलं नाही. मी आत गेल्यावर पाठ करून दारात आडवे उभे राहिले.

हरणीनं मान वळवली. पदराला नाक लावलं. फुसफुस केली, पुन्हा हुंगलं. मी कासेला हात घातला.

बाहेरनं व्यापाऱ्याचा आवाज आला. "सरका की पावणं. तात्या हाईत का आत?"

"थांबा जरा," डॉक्टर म्हणाले. "आत वहिनी धार काढत्यात."

व्यापारी हिच्या मातीला आलेला माणूस.  मग त्याच्या चपलांचा आवाज लांब लांब गेला.

डॉक्टर तसेच पाठमोरे उभे होते. मला त्यांना एक सणसणीत शिवी द्यायची होती. पण चरवीत धार वाजायला लागली होती, आणि हिची ताकीद होती, हरणीनं पान्हा सोडला की गोठ्यात कुणी बोलायचं न्हाय.