शीतला षष्ठीचं सांडपाणी

उत्तर कोलकात्यातल्या आमच्या दाट वस्तीसाठी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र मी इतक्या कमी जागेत बसवलं होतं, की एकाही माणसाला हलावं लागणार नव्हतं. कढईत भजी तळून विकणाऱ्या क्षांतामावशीला तर मी शब्दच दिला होता, "मावशी, दुकानाची वीटसुद्धा हलणार नाही."

खात्याने सात दिवस पाणी तपासायला सांगितलं होतं. मी एकच दिवस तपासलं. तीस वर्षं गटारं बघितलेल्या माणसाला सात दिवस कशाला? सकाळपासून दर तासाला बाटली भरली. तेल जवळजवळ नाहीच. पाणी म्हणजे पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखं सभ्य. मी तेल वेगळं करायचं टाकंच नकाशातून काढून टाकलं.

वस्तीच्या क्लबात सगळ्यांना नकाशा दाखवला, तेव्हा मावशीने विचारलं, "माझ्या कढईचं तेल कुठं जाणार?"

"तुमच्या गटारात तेल नाही, मावशी. मी मोजलंय."

"कधी मोजलंत?"

"सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी."

सगळा क्लब हसायला लागला. केमिस्ट हाराधनबाबू तर टेबलावर डोकं ठेवून हसले. "अहो गुहबाबू, शीतला षष्ठी ती! त्या दिवशी इथं कुणाची चूल पेटते?"

आम्ही पूर्व बंगालकडचे, म्हणजे बांगाल. आमच्याकडे ही चाल नाही. बायको सुलेखा मात्र इथलीच. सत्तावीस वर्षं त्या दिवशी तिने मला आदल्या रात्रीचं गार कडधान्य आणि उकडलेली अख्खी वांगी वाढली, आणि मी कुरकुरत खाल्ली. तारीख कधी लक्षात ठेवली नाही. ती ठेवायची.

"बांगाल माणूस," कुणीतरी म्हणालं, "पंचांग बघेल तर शपथ."

"गप रे," मावशी म्हणाली. "सुलेखा गेल्यापासून याला सांगणार कोण?"

हाराधनबाबू टेबलावरून डोकं उचलून नकाशाकडे बघायला लागले. मला त्यांचं हसणंच बरं वाटत होतं.

मग सात दिवस मोजलं. बाटली हातातून निसटत होती, इतकं तेल. टाकं हवंच होतं, आणि त्याला जागा एकच उरली होती, मावशीच्या दुकानाखाली. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. नकाशा उलगडून तिच्या दुकानावर बोट ठेवलं.

"टाकं जमिनीखाली ना?" ती म्हणाली. "मग झाल्यावर मी वर बसेन. तोवर सहा महिने कुठं बसू, ते सांगा."

"माझ्या ओसरीवर," मी म्हणालो. दोन गल्ल्या पलीकडे माझं घर आहे, आणि ओसरीवर हल्ली कुणी बसत नाही.

आता रोज संध्याकाळी तिथं रांग लागते. मावशी मला दोन बेगुनी, म्हणजे वांग्याची भजी, बाजूला काढून ठेवते आणि मी जेवलो की नाही, हे गिऱ्हाइकांदेखत विचारते.

तिसऱ्या आठवड्यात माझं स्वतःचं गटार तुंबलं. प्लंबरने झाकण उघडलं, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "दादा, ओसरीवर तळणी, आणि तेल अडवायला काहीच नाही? इतकं साधं कळत नाही? काय काम करता तुम्ही?"

"शाळेत भूगोल शिकवतो," मी म्हणालो.