मुळापासून ओळख

ऑर्व्हल झाडनिकने चाळीस वर्षं लेडव्हिल गावच्या खाणीत, डोंगराच्या पोटात काढली होती. त्यामुळे डोंगरावरची कोणतीही गोष्ट आपण खालच्या बाजूने ओळखतो, असा त्याचा दावा. "लोक पानं बघतात. मी मूळ बघतो. मूळ खोटं बोलत नाही."

त्या जुलैत मॉस्किटो खिंडीखाली, जिथे झुडूपही उगवायला धजत नाही, तिथल्या सात काटेरी झाडांवर संकट आलं. उंटकटारीच्या भावकीतली, गुडघाभर उंच, माना खाली घातलेली, अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखी लोकर. बायको जोसी होती तोवर ती आणि ऑर्व्हल दर उन्हाळ्यात त्यांच्यापाशी बसून थर्मासातली कॉफी प्यायचे. आता तण उपटणाऱ्या मंडळाच्या ल्युसिंडाबाई दोन बायकांसह फावडी घेऊन चढल्या होत्या. परदेशी काट्यांनी गावातली कुरणं गिळली होती. ही झाडंही त्यातलीच, असं बाईंचं मत.

ऑर्व्हल आधीच वर येऊन वाटेत बसला होता.

"बाई, ही इथलीच आहेत. परक्याचं मूळ जमिनीखाली आडवं पळतं. इथल्याचं सरळ खाली जातं."

"दाखवा."

त्याने एक उपटलं. मूळ खरंच सरळ, जाड गाजरासारखं.

"एक सरळ निघालं म्हणून सगळी सरळ का? माझे दोन भाऊ आहेत, एक सरळ, एक वाकडा."

हे ऑर्व्हललाही पटलं. त्याने दूरचं एक उपटलं. तेही सरळ. तेवढ्यात त्याचा खाणीतला जोडीदार बेनी धापा टाकत पोहोचला. त्याने काहीच पाहिलं नव्हतं, आणि ऑर्व्हलच्या शब्दावर तर त्याचा कधीच विश्वास नव्हता. तिसरं निघालं. मग एका बाईला शंका आली, मधली दोन आतून जोडलेली असतील. ऑर्व्हलने मधे खणलं. जोडलेली नव्हती, पण दोन्ही हातात आली. आता सगळ्यांनाच कुतूहल, मूळ जातं तरी किती खोल? सहाव्याचं मूळ कोपरापर्यंत हात घालूनही संपेना. शेवटी तुटलं.

सातवं जरा फिकट होतं.

"राहू द्या," ल्युसिंडाबाई म्हणाल्या, "मला पटलं."

"शंका नको," म्हणत ऑर्व्हलने तेही काढलं.

दुपारी डोंगरावर विजा पडायच्या आत खाली उतरायचं, म्हणून सगळे आवरत होते, तोच मंडळाने बोलावलेली वनस्पतितज्ज्ञ बाई पोहोचली. तिने एक सुकतं पान भिंगाखाली धरलं.

"इथलंच आहे. या लोकरीवरूनच कळतं, खणावं लागत नाही. फुलायला कितीतरी वर्षं घेतं, तेही एकदाच. बाकीची कुठे आहेत?"

ल्युसिंडाबाईंनी रिकाम्या पोत्याची घडी घातली.

"मंडळाने आज एकही उपटलं नाही," त्या म्हणाल्या, "एवढं नोंदवून घ्या."

पुढच्या जुलैत दोघे म्हातारे पुन्हा वर गेले. एका खड्ड्याच्या कडेला तळहाताएवढी काटेरी पानांची चकती जमिनीला चिकटून बसली होती. बेनी वाकला.

"ऑर्व्ह्या, तेच का रे हे?"

ऑर्व्हलने दोन्ही हात खिशात घातले.

"कोण जाणे. मला झाडांतलं काही कळत नाही."