लव्हॉनबाईंना आत सोडू नका

सप्टेंबरातल्या पहिल्याच सामन्यात लव्हॉनबाई हॉटडॉग आणायला उठल्या आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

कॉर्डेल कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची टीम तेव्हा सतरा गुणांनी मागे होती. त्यात नवीन काही नव्हतं. टीमने हरायचं आणि गावाने दर शनिवारी न चुकता ते बघायला जायचं, अशी त्या मक्याच्या मुलखातली रीतच होती. लव्हॉनबाई पायऱ्यांखालच्या खिडकीशी रांगेत उभ्या असताना वर एकच गलका उठला. आपल्यांनी गुण काढले! बाई धापा टाकत वर येऊन बसल्या, तर लगेच समोरच्यांनी काढले. मोहरीची चटणी राहिली म्हणून पुन्हा खाली गेल्या, की पुन्हा आपले गुण.

त्यांचा नवरा डेल्बर्ट आयुष्यभर विमा विकत आलेला. असले हिशेब त्याच्या डोक्यात पटापट जुळतात.

"लव्हॉन, अजून एक हॉटडॉग आण ना."

"अरे, आत्ताच दोन खाल्लेस की!"

"भूक लागलीय म्हणतो ना!"

सामना संपेस्तोवर त्या भल्या माणसाने पाच हॉटडॉग पोटात ढकलले आणि कॉर्डेल जिंकलं.

पुढच्या शनिवारी त्याने आडपडदा ठेवलाच नाही. "तू आपली खालीच थांब."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"जिंकू तर दे, मग डॉक्टरकडे ने."

बाई हसत खाली गेल्या. टीम जिंकली. तिसऱ्या शनिवारी त्या बसायच्या त्या बाराव्या रांगेतली सगळी माणसं त्यांच्याकडे माना वळवून बघू लागली, तेव्हा हसू थोडं कमी झालं. चौथ्या शनिवारी खिडकीजवळ कुणीतरी घडीची खुर्ची आणून ठेवली, पाचव्याला ब्लँकेट आलं, सहाव्याला थर्मासभर गरम सूप. फाटकावरचा म्हातारा तिकीट न बघताच हात दाखवायचा, "बाई, तुम्ही डावीकडे." रविवारी पाद्री हॉइट यांनी अंधश्रद्धेवर असं खणखणीत प्रवचन दिलं की पोरंसुद्धा चुळबुळायची थांबली. मग चर्चच्या दाराशी बाईंचा हात हातात घेऊन ते हळूच म्हणाले, "शनिवारी तिथेच ना, लव्हॉनबाई?"

नऊ सामने, नऊ विजय. गाव नुसतं खुळावलं होतं. बाईंना काय वाटतं, हे मात्र एका माणसाने विचारलं असेल तर शपथ!

त्यांचा मुलगा वेंडेल त्याच टीममध्ये होता. दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार करायचा, हे त्याचं काम; पण राखीव खेळाडू. चार वर्षांत एकदाही मैदानात उतरला नव्हता. चार वर्षं लव्हॉनबाई बाराव्या रांगेतून त्याची बाकावरची पाठ बघत आल्या होत्या. एकदा, फक्त एकदा त्याला चेंडू मारताना बघायचं, एवढीच त्यांची आस होती. मे महिन्यात तो पदवी घेऊन नोकरीला अलास्काला जाणार होता. आणि आता तर ती पाठसुद्धा दिसेनाशी झाली होती. खुर्चीवर बसून त्या समोरची भिंत बघायच्या आणि त्यांना रडू यायचं. लोक म्हणायचे, काकूंना थंडी बाधलेली दिसते.

"आई, तू आत ये बघू. काही होत नाही," वेंडेल जेवताना म्हणायचा.

"आणि हरलात तर? तुझ्या दोस्तांना मी तोंड कसं दाखवू?" बाईंचा स्वतःचाही आता त्यावर विश्वास बसला होता.

शेवटचा सामना बर्डेट कॉलेजशी. एकोणीस वर्षांत त्यांना हरवलं नव्हतं. शेवटच्या सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आईबापांचे हात धरून मैदानात चालत यायचं, अशी पद्धत. लव्हॉनबाई आल्या, फोटो निघाला, आणि मुलाच्या गालाचा मुका घ्यायच्या आत पाद्रीबाबांनी त्यांना दंड धरून बाहेर नेलं.

सामना संपत आला तेव्हा डेल्बर्ट घामाघूम होऊन खाली आला. "तू डोकावलीस का?"

"नाही रे बाबा!"

"मग आपण दोन गुणांनी मागे कसे?"

"मला काय विचारतोस? मी भिंत बघतेय!"

इतक्यात भोंगा खरखरला. नेहमीच्या पोराचा पाय मुरगळला होता. शेवटचे चार सेकंद, आणि शेवटचा चेंडू मारणार होता वेंडेल. बाई ताडकन उठल्या. डेल्बर्ट दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. "लव्हॉन, तुझ्या पाया पडतो!"

बाई मुकाट्याने खाली बसल्या. चेंडू खांबांमधून गेला की तीन गुण, आणि ते पोराच्या पायात होते. आपल्या डोळ्यांपायी ते जाऊ द्यायचे?

तेवढ्यात पाद्रीबाबा धावत आले. "बाई, आत चला! तो चेंडूजवळ जातच नाही. म्हणतो, बाराव्या रांगेत आई दिसत नाही, तिला बोलवा!"

"मी नाही येत. चुकला म्हणजे?"

"तुम्ही आला नाहीत तर मारणारच नाही!"

शेवटी दोन महिने ज्यांनी बाईंना बाहेर ठेवलं, त्याच दोघांनी त्यांना अक्षरशः उचलून बाराव्या रांगेत आणलं. वेंडेलने हात हलवला. बाईंनीही हलवला. सगळं मैदान चिडीचूप झालं. वेंडेल दोन पावलं मागे सरकला, धावला, आणि ऐन त्या क्षणी लव्हॉनबाईंनी गर्रकन पाठ फिरवून डोळे गच्च मिटले.

लाथेचा आवाज आला. मग असा काही जल्लोष उठला की डेल्बर्ट ढसाढसा रडत अनोळखी माणसाच्या गळ्यात पडला.

"आई, कसा मारला?" वेंडेल वर धावत आला होता.

"मला काय माहीत? मी पाठ फिरवली होती."

तो बघतच राहिला.

रविवारी चर्च सुटल्यावर त्याने आईला गाडीत घातलं आणि थेट मैदानावर आणलं. रिकाम्या पायऱ्यांवर बाराव्या रांगेत तिला बसवलं, त्याच जागी चेंडू ठेवला आणि मारला. चेंडू डावीकडून गेला. दुसरा उजवीकडून. तिसरा खांबाला लागून परत आला.

"काय झालंय मला!" तो खालून ओरडला. "काल तर सरळ गेला होता!"

"असू दे रे. घाई काय आहे?"

चौथा चुकला, पाचवा चुकला. प्रत्येक वेळी तो मागे सरकायचा, हात पुसायचा, मान तिरकी करून खांबांकडे बघायचा. लहानपणी बूट घालताना तो अशीच मान तिरकी करायचा. लव्हॉनबाई डोळ्यांची पापणीसुद्धा लवू देत नव्हत्या.

"आई, कंटाळलीस का? एक बरोबर गेला की निघू या."

"हो हो, निघू या," लव्हॉनबाई म्हणाल्या. आणि हात घट्ट जोडून त्यांनी देवाला मनापासून विनवलं, की बाबा रे, एवढ्यात चेंडू आत जाऊ देऊ नकोस.