टेकू शैली

साहेब, तुम्ही आमच्या गल्लीवर प्रेम करता, हा आमचा तुमच्यावर सरळ आरोप आहे. दुर्लक्ष केलं असतं तर चाललं असतं. त्याची आम्हाला सवय होती.

जुनं घर राहायला अवघड आणि पाहायला सुंदर असतं, हे आता सर्वमान्य शास्त्र आहे. म्हणून गुलमंडीमागच्या आमच्या गल्लीत दर रविवारी तुमच्या समितीची वारसाफेरी येते. फेरीत टोपी, पाण्याची बाटली आणि कौतुक सक्तीचं. (बाटली मिळते, कौतुक घरून आणायचं.)

फेरी सगळ्यात जास्त रेंगाळते ती काकासाहेबांच्या घरापुढं. काकासाहेब रोज सकाळी चौकात करीमभाईच्या हॉटेलातल्या बाकड्यावर बसायचे. लकवा झाला, चाकाची खुर्ची आली, तरी सून सुरेखा खुर्ची ढकलत त्यांना तिथं सोडायची. मग पावसाळ्यात सज्जा खचला. सुरेखानं मंडपवाल्या सुदर्शनकडून एक बल्ली, म्हणजे मंडपाचा लाकडी वासा, मागून आणली आणि सज्ज्याला टेकू दिला, नेमका दाराच्या तोंडाशी, तिरपा. पुढं लोखंडी गर्डर टाकून सज्जा पक्का झाला. आता तो टेकू कशालाच धरून नाही. काढायचाच होता; तेवढ्यात रविवार आला.

फेरीचा मार्गदर्शक ऋतुराज थबकला. म्हणाला, "हा तिरपा आधार पाहा. मराठा आणि निजामी बांधणीचा असा संगम दुसरीकडं सापडणार नाही." (खरंय. सुदर्शनकडं शिल्लक एवढी एकच होती.) बल्लीवरच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं नातं त्यानं अजिंठ्याच्या रंगांशी लावलं. अजिंठ्याकडून अद्याप हरकत आलेली नाही.

महिन्यात पाटी लागली: 'संरक्षित घटक. रहिवाशांनी हात लावल्यास कारवाई.' पाहुण्यांना मात्र फोटोपुरतं टेकायची मुभा ठेवली, हा समितीचा मोठेपणा.

सुरेखा तुमच्या कचेरीत आली. "अहो साहेब, ती मंडपाची बल्ली हाय. मामंजींची खुर्ची अडकती दारात."

"ताई," तुम्ही मायेनं म्हणालात, "आपल्या वस्तूचं मोल घरच्यांना कधीच कळत नाही."

लेखी उत्तरही आलं. दार मूळचं असल्यानं रुंद करता येणार नाही. टेकू शैलीचा भाग असल्यानं हलवता येणार नाही. खुर्ची मात्र वास्तूच्या काळाशी विसंगत असून ती बदलावी. सुदर्शन लग्नसराईत बल्ली मागायला आला, तर देणगीदार म्हणून पितळी पट्टीवर नाव टाकायचं ठरलं. तो खूश होऊन गेला. आता तोही बल्लीला 'वास्तू' म्हणतो.

शैली पसरायला वेळ लागला नाही. गारखेड्यात एका नव्या बंगल्याला टेकू लागलाय. तिथं सज्जाच नव्हता. आधी सज्जा बांधला, मग तो खचवला. समितीच्या पाहणीनुसार आमच्या गल्लीतली सत्तर टक्के घरं अजून आधाराविना उभी आहेत, आणि ही गंभीर बाब आहे.

करीमभाई स्वतः चहा घेऊन खिडकीशी येतो. "काका, तुमबी अब पुरानी इमारत हो गए. हिलना मना है."

"मग तिकीट लाव की. गिऱ्हाईक तर उभंच हाय रांगेत." काकासाहेब बशीत चहा ओततात. "चहा येतो रे इथं. बाकडं येत नाय."

पोरं म्हणाली, उचलून नेतो. काकासाहेब म्हणाले, "नगं. उचलून एकदाच जायचं असतं, त्याची घाई नाय."

तर या आरोपाला साहेबांचं उत्तर यायचं तेव्हा येईल. वाचकहो, तुम्ही हसताय, म्हणून तुम्हाला विचारतो. रविवारच्या फेरीत त्या बल्लीला रेलून तुम्ही फोटो काढलात, छान आलाय. मागं खिडकीत एक म्हातारा एका हातानं खुणा करत होता. तुम्हाला वाटलं टाटा करतोय. तुम्हीही हात हलवलात आणि पुढच्या घराकडं गेलात. तो म्हणत होता, जाता जाता तेवढी बल्ली काढा. दोन माणसांचं काम आहे. आम्ही हात लावला तर गुन्हा. तुम्ही चाळीसजण होतात, आणि तुम्हाला हात लावायची मुभाही होती.

का नाही काढलीत?