साडेपाचला जाणारं नेट

नथानिएल साळवे यांच्या मते शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून तल्लख मेंदू एकच होता. तो कोणाच्या डोक्यात आहे हे सांगताना त्यांना संकोच वाटे, म्हणून ते नुसतं स्वतःच्या कपाळावर बोट टेकवत. रांजणगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी मालातल्या चुका शोधल्या होत्या. निवृत्त झाल्यावर माणसांतल्या शोधायच्या ठरवल्या. दौंड जंक्शनवर हरवलेली मेव्हण्याची बॅग त्यांनी चार तासांत हुडकली होती. ती सबंध वेळ मेव्हण्याच्याच खांद्यावर होती, एवढा तपशील मात्र ते सांगताना गाळत.

निवृत्तीला जेमतेम महिना झाला होता, आणि शेजारची गौतमी दारात आली. गौतमी एका कंपनीसाठी घरबसल्या नेटवरून पोरांना गणित शिकवायची.

"मामा, रोज साडेपाचच्या आत माझं नेट जातंय. ऐन क्लासच्या वेळेला. सहानंतर आपोआप येतं. मोबाईलवर कसंबसं भागवते, तरी दोनदा क्लास बुडाला. शुक्रवारी कंपनीचे साहेब स्वतः क्लासला बसणार आहेत. त्या दिवशी गेलं ना, तर माझी नोकरी गेली म्हणून समजा."

पोरीचे डोळे भरून आले होते. मामांना फार वाईट वाटलं. त्याहून जास्त आनंद झाला, कारण निवृत्तीनंतर कोणी काही मागायला आलं होतं.

"शुक्रवारपर्यंत गुन्हेगार तुझ्यासमोर उभा करतो," मामा म्हणाले.

"गुन्हेगार नको मामा, नेट द्या."

पहिला संशय बिबट्यावर गेला. शिरूर तालुक्यात काहीही बिघडलं की पहिला संशय बिबट्यावरच जातो, त्यामुळे यात मामांचा दोष नव्हता. खांबाला चिकटलेले केसही त्यांना सापडले. ते गौतमीची आजी भागुबाई हिच्या शेळीचे निघाले, आणि शेळीने ओळखपरेडीसाठी आणखी केस द्यायला साफ नकार दिला. दुसरा संशय उसाच्या ट्रॉलीवर. उंच भरलेली ट्रॉली वायरी ओढून नेते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वायर शाबूत होती, आणि मे महिन्यात साखर कारखाने बंद असतात, हे मामांना दोन दिवस ट्रॉलीची वाट बघितल्यावर आठवलं.

मग त्यांनी केबलवाल्या सुदर्शनला गाठलं.

"मामा, तुमी मला कळवता कवा? सकाळी. मी येतो तवा नेट चालूच असतंय. चालू नेट दुरुस्त कसं करू?"

"मुरलेले गुन्हेगार असंच बोलतात," मामा म्हणाले आणि त्याच्या नावापुढे फुली मारली.

बुधवारी मात्र त्यांना खरा धागा मिळाला. वेळा मांडून पाहिल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. ते संध्याकाळी, आधी फिरायला आणि आता तपासाला, बाहेर पडले की नेट जाई, आणि ते घरी परतले की नेट येई. रोज. एखाद्या साध्यासुध्या माणसाला यावरून काहीतरी सुचलं असतं. मामा साधेसुधे नव्हते. त्यांनी निष्कर्ष काढला की गुन्हेगार त्यांच्या हालचालींवर नजर ठेवून आहे. कोपऱ्यावरचा चहावाला नवनाथ रोज त्यांना बघून "निघालात का मामा?" असं मोठ्यांदा ओरडतो, तो इशारा कोणाला असतो, हेही त्यांना आता कळलं.

ओट्यावर बसलेल्या भागुबाईने त्यांना हाक मारली. "मामा, मी काय अंधश्रद्धा मानीत न्हाई. पर आठ दिस बघतीया, तुमी भाईर पडला की टीव्हीवरची माझी शिरेल जाती."

"आजी, तपासात भावनेला जागा नसते," मामा म्हणाले. साक्षीदार वयस्कर, दुर्लक्ष करावे, अशी नोंद त्यांनी लगेच केली.

शुक्रवार उजाडला. एरवी संध्याकाळी दवाखान्यात ड्यूटीवर असणाऱ्या मामांच्या पत्नी राहेलबाई रजा घेऊन घरी होत्या. गौतमीइतकंच त्यांनाही दडपण आलं होतं. सव्वापाचला मामा निघाले. ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी कानटोपी चढवली होती.

"निघालात का मामा?" नवनाथ ओरडला.

दहाच मिनिटांत त्यांना खांबाला टेकवलेली शिडी दिसली, आणि शिडीवर सुदर्शन. हात वायरीला! मामांनी झडप घालून त्याचा पाय धरला.

"सोडा की मामा! नेट गेलंय म्हणून गौतमीनंच फोन करून बोलावलंय मला!"

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. पलीकडे राहेलबाई होत्या.

"अहो, जाताना तुम्ही मेन बंद केलात?"

"अर्थात. कारखान्यात पाळी संपली की मेन खाली. तीस वर्षांची शिस्त आहे."

"घरात मी होते."

मामांनी सुदर्शनचा पाय सोडला. "ते लक्षात राहिलं नाही."

"पंखा बंद पडला. मला वाटलं लाईट गेली. भागुबाई आल्या, म्हणाल्या आमची हाय की. मग बोर्ड बघितला." राहेलबाईंनी श्वास घेतला. "आपल्या माळ्यावर गल्लीच्या नेटचा डबा आहे. दीड वर्षापूर्वी सुदर्शनने विचारलं, मी हो म्हटलं. तो आपल्या करंटवर चालतो. आत्ता मेन वर केला, गौतमीचं नेट आलं."

शिडीवरून सुदर्शनला सगळं ऐकू येत होतं. "आन् मी आठ-धा दिस खांबं चढतोय," तो हळूच म्हणाला.

क्लास वेळेवर सुरू झाला. मामा गौतमीच्या ओट्यावर टोपी हातात घेऊन बसून राहिले. आतून तिचा खणखणीत आवाज येत होता, अपूर्णांक सोपे करून सांगणारा. ही पोरगी इतकं छान शिकवते, आणि तिचं तोंड आपण रोज एक खटका दाबून बंद करत होतो, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती बाहेर आली, तेव्हा ते उठून उभे राहिले.

"गौतमी, तो मीच."

"आजीनं सांगितलं." "दोन क्लास, मामा."

"हो."

"साहेबांनी पक्कं केलंय मला," गौतमी म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. "पण आता रोज सव्वापाच ते सहा तुम्ही घरातच बसायचं. बोर्डापासून लांब."

मामांनी ते मान्य केलं. त्या वेळात ते आता दारात खुर्ची टाकून, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसतात. परवा नवनाथ चहा द्यायला आला आणि म्हणाला, "मामा, तपास बंद केला व्हय?"

"चालू आहे," मामा म्हणाले. "आरोपीवर पाळत ठेवून बसलोय."