बघण्याची मजुरी

यंदा कप्प्याची मजुरी वाचवायची असं मी ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली. (कप्पा म्हणजे साबुदाण्याचा कंद. आम्ही तो माशाच्या कालवणाबरोबर खातो.)

मी कोट्टयमच्या रजिस्ट्रार कचेरीत कारकून. लोकांच्या जमिनींवर शिक्के मारण्यात हयात गेली. स्वतःची जमीन वीस सेंट, म्हणजे जेमतेम आठ गुंठे. तीन वर्षं तिथे मी पिकवतो आणि मजूर खातात, असं माझ्या बायकोचं, एलियाम्माचं म्हणणं.

“यंदा नफा दिसला नाही, तर माझ्या भावाला देऊन टाकू. बॅडमिंटनचं कोर्ट करतोय तो,” तिने बजावलं.

त्या जमिनीत माझ्या वडिलांनी लावलेला फणस आहे. खरं सांगतो, तो तोडलेला मला बघवला नसता.

म्हणून शनिवारी मीच खणायला उतरलो. खोड धरून ओढलं की कंद वर येतो, असं ऐकून होतो. खोड आलं, कंद राहिला आणि मी पाठीमागच्या चरात बसलो. तरी दुपारपर्यंत पाच पोती भरली. टेम्पो आला. त्याच्यामागून निळ्या शर्टातले युनियनचे चार हमालही आले आणि कुंपणाच्या भिंतीवर बसले.

“सर, माल चढवायचाय?” त्यांच्या म्होरक्याने, पौलोसने विचारलं.

“मीच चढवणार.”

“चढवा की. आम्ही बघतो. बघण्याचे आठशे.”

“बघण्याचे?”

“तुम्ही केलंत तरी काम आमचंच ना, सर!”

(कायद्याने हे बंद आहे. मी तो कायदा पौलोसला सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि विडी पेटवली.)

आठशे गेले की नफा गेला, नफा गेला की फणस गेला. मी दात-ओठ खाऊन पोतं पाठीवर घेतलं. तोंडाची गाठ मीच मारलेली, त्यामुळे ती सुटली. कंद उतारावरून गडगडत निघाले. त्यांच्यामागे धावताना लुंगी टेम्पोच्या कडीत अडकली. माल भरून झाला असं समजून ड्रायव्हरने गाडी सोडली. लुंगी टेम्पोबरोबर गेली. मी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर रस्त्यात उभा!

पौलोस हसता हसता भिंतीवरून पडला. मग टेम्पो मागे बोलावून, डोळे पुसत, चौघांनी दहा मिनिटांत सगळी पोती चढवली. मी मुकाट्याने आठशे पुढे केले.

“नको, सर. याचे पैसे घेतले तर पाप लागेल,” पौलोस म्हणाला. उलट शंभराची नोट काढून त्याने गलका ऐकून आलेल्या एलियाम्माच्या हातावर ठेवली. “चेची, पुढच्या शनिवारी पण खेळ आहे ना?” (चेची म्हणजे ताई.)

एलियाम्माने नोट उजेडात धरून पाहिली.

“जमीन राहू दे,” ती म्हणाली. “तीन वर्षांत हा पहिला नफा.”

माझा जीव भांड्यात पडला. फणस वाचला! पुढच्या खेपेला कप्प्याबरोबर सुरणही लावू, असं मी उत्साहाने म्हणालो.

“लावायचं काही नाही,” ती म्हणाली. “तुम्ही नुसते खणत जा.”